अभिमनचं घर

अमळनेर, मे १९९२

चि. अभिमन यास मायचे आशीर्वाद.

तुला वाचता येत नाही. हे पत्र तुझ्या जळगावच्या वसतिगृहाचे सरच तुला वाचून दाखवतील, आणि ऐकल्यावर तू काम टाकून पळत येशील. म्हणून मी ते टपालात टाकणार नाही.

तू विशीचा झालास, पण समज लहान पोराचीच राहिली. तरी मी तुला स्टोव्ह पेटवायला, दाढी करायला, बसने एकट्याने जायला शिकवलं. हात भाजला तेव्हा तू रडत म्हणालास, "माय, तू शे ना?" मी काडीपेटी पुन्हा तुझ्याच हातात दिली. माझ्या पोटातली गाठ पसरल्याचं धुळ्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं.

परवा तुला आखाजीच्या सणासाठी घरी न्यायला जळगावला आले. तू मला खाटेवर बसवलंस, चहा करून दिलास, कारखान्यात फायली शिवतोस ते सांगितलंस.

"मी नही येस, माय. हाई मनं घर शे."

ते वसतिगृह तुझं घर व्हावं हेच मला हवं होतं, तरी काळीज फाटलं. सरांनी हळूच विचारलं, "अक्का, त्याला तुमच्या दुखण्याचं सांगू का?" मी नको म्हटलं.

स्टँडवर मला खिडकीशी बसवून तू कंडक्टरला म्हणालास, "हाई मनी माय शे. तिले अमळनेरले नीट उतारी द्या." मग कामाला उशीर होतो म्हणून निघालास. गर्दीत दिसेनासा होईपर्यंत मी तुझी पाठ बघत राहिले. तू वळून पाहिलं नाहीस.

तुझी माय,
सुंदरबाई