बोकडाची मर्जी

६ जानेवारी १९७४, रविवार

…अंगण झाडून झालं होतं, दोन घागरी पाणी आणून झालं होतं, भाकरीचं पीठ परातीत काढलं होतं. हे बोकडाला बाभळीचा पाला टाकत होते. मी म्हटलं, चहा निवतोय. म्हणाले, आधी याला खाऊ दे, म्हसोबाचा पाहुणा आहे. एवढंच बोलणं झालं. दुपारी शेतात छातीत कळ आली. आज वर्ष झालं.

पण वही त्यासाठी काढलेली नाही. ही वही विचारांसाठी आहे.

विचार असा. काल पिंगळीच्या दुकानातून गूळ आणला. पुडीच्या कागदावर जीवदयेचा लेख होता. (मला वाचायला कोणी शिकवलं नाही. अशाच पुड्यांवर शिकले.) लेखात म्हटलं आहे, मुक्या जीवाला मारून खाणारा माणूस देवाला कोणत्या तोंडाने हाक मारणार? पुढे कागद फाटला होता. उरलेला भाग कुणाच्या तरी हळदीला गेला असेल. पण मुद्दा पटला.

आजपासून मटण बंद. तसं वर्षभर खाल्लेलं नाहीच, पण ते दुःखामुळे होतं. आता तत्त्वामुळे.

बोकडही कापू द्यायचा नाही. तो यांनी आणला होता, याचा इथे काही संबंध नाही.

१० जानेवारी

दीर आले, दत्तराव. म्हणाले, वहिनी, सत्यशीलाचं लग्न ठरंना तवा दादानं म्हसोबाला बोकड कबूल केला होता. लग्नाला तीन वर्सं झाली. पोरीचं पहिलं पोट गेलं, आता पाचवा लागलाय. तिची सासू रोज इचारायलीय, तुमच्या बापाचा नवस कवा फिटायचा म्हणून.

मी गुळाचा कागद वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, शेवटाला काय लिवलंय? म्हटलं, फाटलंय. म्हणाले, मग ‘तरीबी बोकड खावा’ आसं बी लिवलं आसंल की!

अडाण्याशी काय बोलायचं. वाद मीच जिंकला. कार्यक्रम ३ फेब्रुवारीला ठरला, ते वेगळं.

१३ जानेवारी

ओट्यावर बायकांना जीवदया समजावली. परिणाम चांगला. शेजारची चतुराबाई म्हणाली, माय, मंग जवारीतल्या सोंड्यांचं काय करावं? ते काय मेलेले आसतात का? सगळ्या हसल्या. प्रश्न मात्र बरोबर होता.

दुपारी ज्वारी निवडताना नऊ सोंडे निघाले. न मारता परसात नेऊन सोडले. कोंबडीने खाल्ले. कोंबडी चतुराबाईची, त्यामुळे पाप तिच्याकडे.

१५ जानेवारी, सकाळी

उपाय सापडला! आणि तो धर्मातच होता.

आपल्याकडे बोकड असाच कापत नाहीत. म्हसोबापुढे उभा करून त्याच्या अंगावर पाणी टाकतात. त्याने अंग झाडलं की देवाने घेतला, मग मुलाणी सुरी काढतो. नाही झाडलं तर सुरी लावायची नाही. म्हणजे बोकडाला विचारल्याशिवाय काही होत नाही. एवढा न्याय तर गुळाच्या कागदातही नव्हता.

प्लॅन: रोज कोमट पाण्याने अंघोळ. पाण्याची सवय झाली की अंग झाडणार नाही. यात देवाची फसवणूक नाही. बोकडाचं मत तयार करायचं आहे, इतकंच.

१६ जानेवारी

पहिली अंघोळ. सगळं पाणी माझ्यावर झाडलं. सुरुवात समाधानकारक.

२१ जानेवारी

तीनदा झाडलं. एकदा मांडीवर शिंग. प्रगती आहे, कारण काल चारदा होतं.

अंघोळ झाली की तो यांच्या बाजेखाली जाऊन बसतो. बाज मी उचललेली नाही. घरात जागा आहे, उगीच कशाला हलवायची.

२६ जानेवारी

आज झाडलं नाही! तीन तांबे ओतले. डोळे मिटून उभा राहिला, फडक्याने पुसून घेतलं. शाळेत झेंडावंदन चालू होतं आणि इथे बोकड पास झाला.

चतुराबाईने कुंपणावरून पाहिलं. गावभर सांगत सुटली, देवाच्या बोकडाला रोज ऊन पाण्यानं न्हाऊ घालायल्यात, भक्ती असावी तर अशी! संध्याकाळी चार बायका येऊन त्याला कुंकू लावून गेल्या. माझ्याही पाया पडल्या. गैरसमज दूर करणार होते, पण भाकरी करपत होती.

२ फेब्रुवारी

सत्यशीला पालमहून एस.टी.ने आली. लय वाळली आहे. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, आई, बोकड बरा हाय न्हवं?

गुळाचा कागद वाचून दाखवला. पुरता ऐकून घेतला. मग म्हणाली, तुला पटलं आसंल गं. पण माझ्या पोटातल्याला ह्यो कागद कोण वाचून दावणार? उद्या त्यानं अंग झाडलं की मी सुटले.

मुद्दा भावनेचा आहे, तत्त्वाचा नाही. बोकडाला एक जादा अंघोळ घातली.

३ फेब्रुवारी, सकाळी

तयारी पक्की. आज गाव शहाणं होणार.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी

म्हसोबापुढे तीस-चाळीस माणूस जमलं होतं. बांधावर चुली पेटल्या होत्या, वाटण वाटून तयार होतं. मेहबूबभाई मुलाणी घोंगडीवर बसले होते. दत्तरावांनी पहिला तांब्या ओतला.

बोकडाने डोळे मिटले.

दुसरा ओतला. तिसरा. तो सुखाने उभा. दत्तराव हात जोडून म्हणाले, देवा, काही चुकलं आसंल तर पदरात घे. चौथा. मेहबूबभाईंना कोणी म्हणालं, करून टाका आता. ते म्हणाले, जनावर बोलल्याबिगर माझी सुरी भाईर येत न्हाई. मनात आलं, एवढ्या लोकांत माझ्या मताचा हा एकच माणूस.

मग सरजाबाई, सगळ्यात म्हातारी, ती म्हणाली, घरातल्याच कुणाचंतरी चुकलंय. सगळे सत्यशीलाकडे बघायला लागले.

ती बांधावर बसली होती, दोन्ही हात पोटावर धरून. ओठ पांढरे पडले होते. मी जवळ गेले. म्हणाली, आई, देव घेत न्हाई गं. ह्यालाबी ठिवणार न्हाई.

खरं सांगून टाकावं असं वाटलं. पण काय सांगणार? आईने देवाचा बोकड पढवून ठेवला, हे ऐकून तिची भीती गेली नसती, दुप्पट झाली असती. वीस दिवसांत मी बोकडाचाच विचार केला होता.

त्याच्याजवळ गेले. त्याने मान पुढे केली. पुसून घ्यायची वेळ झाली असं वाटलं असावं. मी घागरीतलं गार पाणी ओंजळीत घेतलं आणि त्याच्या कानात ओतलं.

डोक्यापासून शेपटीपर्यंत झाडलं.

लोक ओरडले. सत्यशीला हसली. रडत रडत, पण हसली. दत्तराव म्हणाले, वहिनीचा हात लागला म्हणून देवानं ऐकलं. मेहबूबभाई फक्त माझ्या ओल्या हाताकडे बघत होते. पुढचं मी पाहिलं नाही.

कानात पाणी ओतणं म्हणजे मारणं नव्हे, असं लिहिणार होते. लिहिलं, पण पटत नाही.

घरी सत्यशीलाने दोन वाट्या रस्सा खाल्ला, महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर. तिसरी वाटी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, घरच्या सगळ्यांनी खाल्ल्याबिगर नवस पुरा होत न्हाई, आई. मी म्हटलं, नंतर खाते. तिने वाटीवर ताटली झाकून ठेवली.

४ फेब्रुवारी, सोमवार

सत्यशीलाला दहाच्या एस.टी.त बसवून दिलं. घरी येऊन रस्सा गरम केला आणि भाकरीशी खाल्ला.