सोंगातला थांबा

रविवार, २३ मार्च २०२५
पंचवटी, संध्याकाळ

घोटीकडच्या आमच्या गावाहून आत्ताच परतलो. नाचातला तो थांबा काही डोक्यातून जात नाही.

बोहाड्यात, म्हणजे गावच्या सोंगांच्या उत्सवात, नरसिंहाचा मुखवटा लावून यंदा माझी लेक मुक्ता नाचणार. मला हे सोंग कुणी शिकवलं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, नाचायचे तेव्हा गर्दीतून बघून बघून मी ते उचललं. डावा पाय टाकण्याआधी क्षणभर थांबायचं, हेसुद्धा. मुक्ताकडून तेच घोटून घेतलं, जरा हललं तरी पुन्हा.

आज तालमीत संबळ वाजवणारे काशीकाका हसता हसता बोलून गेले, "पोरी, तो थांबा सोंगातला नाय. तुझ्या आज्याचा गुडघा धरायचा."

म्हणजे इतकी वर्षं मी काय मिरवत होतो? "मला कधी का नाही सांगितलं, काका?"

"तू थांबायचास तवा तुझा बापच आल्यावानी वाटायचं."

तरी चूक ती चूक. मुक्ताला म्हटलं, काढून टाक.

"म्हणजे मी आजोबांचा गुडघा नाचत होते?" असं म्हणून ती न थांबता नाचली. पाऊल अचूक पडलं, पण ठेका चुकला. त्या जागी काकांचाच हात थांबला. पुन्हा नाचली, पुन्हा थांबला.

"काका, आता तुम्ही थांबताय," मुक्ता म्हणाली.

"हाताला सवय हाय," काका संबळाकडे बघत म्हणाले.

अर्ध्या पावलाची चूक न खपवणारा मी. मुक्ताला म्हणालो, थांब तिथे, नीट थांब. काकांचा हात निघाला की मगच पाय टाक.