दवण्याचा कौल

चैत्र वद्य तृतीया, शके १८९५

तीर्थरूप मामांस, भाचा उत्तरेश्वर याचा साष्टांग नमस्कार (अंगणात सडा घालायला पाणी नाही, म्हणून धुळीतच घातला). मामींचा गुडघा कसा आहे? उमरग्याला तुमच्या विहिरीला अजून पाणी आहे, हे ऐकून बरं वाटलं. इकडं सोसायटीचा टँकर येईल तेव्हा माणशी एक घागर.

कॉलेज का सोडलंस, असं विचारलंत. प्रोफेसरांशी भांडलो हे खरं, पण चित्त आधीच उडालं होतं. दत्तोपंत गुरुजींची शामला एकदा म्हणाली होती, वेणीत दवणा नसला तर चैत्र आल्यासारखा वाटत नाही. एवढ्यावर मी परसात दवण्याचे दोन वाफे केले. आंघोळ सोडली (आई लांबूनच वाढते), आंघोळीचं पाणी दवण्याला घातलं. गावात फूल म्हणून उरलं नाही, पण माझा दवणा बारीक पिवळ्या गोंड्यांनी भरून आला.

परवा धोंडीबा गुरव दारात. "गुरुजींला पोरीच्या लग्नाचा भैरोबाला कौल लावायचाय. फूल न्हाय कुठं, दवणा दे." मामा, तुमच्या शहाण्या भाच्याला वाटलं, माझंच विचारतायत! ओंजळभर दिला. देवळात धोंडीबानं देवाच्या दोन्ही खांद्यांना दवण्याची एकेक ओली काडी चिकटवली. उजवी आधी पडली की होकार. मी खांब धरून 'उजवी पाड, देवा' म्हणत उभा. उजवीच पडली. सगळ्यांच्या आधी मीच ओरडलो. गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "चला, भूमचा कारकून ठरला. अक्षय्य तृतीयेला बार उडवू."

माझं डोकं फिरलं. पुन्हा लाव म्हणून धोंडीबाचा हात धरला. तो म्हणाला, "आरं, देव काय तुझा प्रोफेसर हाय व्हय, पेपर फिरून तपासायला?" सगळे हसले. शामला हसली नाही. खाली पडलेली काडी तिनं उचलली, पदराच्या टोकाला बांधली आणि वडिलांमागं निघून गेली. (का बांधली, हे मला विचारू नका.)

घरी येऊन सारा दवणा उपटला. आता दुष्काळी कामावर खडी फोडतो. राग तिथंच निघतो.

आपला,
उत्तरेश्वर

ता. क. सारा उपटला हे खोटं. एक वाफा हातानं उपटवलाच नाही. काल शामलानं निरोप धाडला, लग्नाच्या वेणीपुरता दवणा देशील का? टँकर आठ दिवस फिरकला नाही, शेंडे माना टाकतायत. तुमच्या विहिरीच्या पाण्याचे दोन डबे गुंडाप्पा ड्रायव्हरच्या एस्टीवर चढवून द्या. आईला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. डब्यांवर माझं नाव नको. 'लग्नघरचं पाणी' असं लिहा, म्हणजे वाटेत कुणी पिणार नाही.