महालक्ष्म्यांची गोळी

देवगाव फाटा,
१८ सप्टेंबर २०२५

सौ. राजेश्रीताईंना रेणुकाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. पोरं शाळेत जातायत, सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. तुमच्या पूर्णेच्या क्वार्टरात पाणी नीट येतंय ना? जावईबापूंची रात्रपाळी संपली असेल.

फोन सोडून पत्र कशाला, तर फोन तुमचा असतो आणि कान तुमच्या आईचा. माझा आवाज आला की आत्याबाई शेजारून म्हणतात, "ठिव तो," आणि तुम्ही ठेवता. म्हणून हे पत्र तुमच्या भावाच्या खिशात घालून पाठवतेय. ते आईला न्यायला येतायत खरे, पण बोलणार काही नाहीत. मी म्हटलं, तुम्ही समजावून सांगा की. तर म्हणाले, बायकांचं बायकांनी बघावं. आजवर तेच करत आले, म्हणून तर ही वेळ आली.

सासू पंधरा दिवस लेकीकडे रुसून बसलीय म्हटल्यावर गावाला दुसरा विषय नाही. सुनेनं तांबी बसवली, हे त्यांनी तुम्हाला सांगितलंच असेल. बसवली, ताई. पण ती जुनी तांब्याची नव्हे. पाळीतले माझे हाल तुम्ही बघितलेत, मागच्या दिवाळीत तुमची गादी खराब करून आले होते. उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी. इथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गर्भपिशवी काढून टाका. भोपळ्यातलं बी काढावं तसं. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, आत गाठ नाही, काही नाही, कशाला कापायचं? रोजच्या गोळ्या आहेत, तीन महिन्यांचं इंजेक्शन आहे, आणि ही हार्मोनची तांबी आहे. ही रक्तही कमी करते आणि दिवसही राहू देत नाही. रोज गोळी खायची तर आपल्या घरात गोळीमागं दहा प्रश्न. तांबी कुणाला दिसत नाही, म्हणून ती घेतली. यांना सांगितलं होतं. आत्याबाईंना म्हटलं, रक्ताचं औषध चालू आहे. ते काही खोटं नव्हतं.

बसवताना ब्रह्मांड आठवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पहिले काही महिने थोडं थोडं लागत राहील, मग कमी होईल, कुणाचं बंदही होतं, घाबरू नका. त्यांचं काय जातंय सांगायला? त्यांच्या घरात कुणी बाहेर बसत नसेल. आपल्याकडे एका थेंबालाही ओसरी. आज डाग, उद्या नाही, परवा परत डाग. आत्याबाई सकाळी उठून विचारायच्या, "आत हायस का भाईर?" ते माझं मलाच माहीत नसायचं. उन्हाळाभर मी ओसरीत आणि त्या चुलीपुढं. कुरडया त्यांनी एकटीनं घातल्या. त्या वैतागल्या आणि मी त्यांच्याहून जास्त वैतागले.

ज्येष्ठात सगळं थांबलं. अंगात रक्त भरलं, शेतातून आल्यावर धाप लागेना. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

आणि मग आल्या महालक्ष्म्या. दर वर्षी आत्याबाई मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणतात. लग्नाआधी तुम्हालाही द्यायच्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, ऐनवेळी सून बाहेर बसली तर करणार कोण? ती गोळीसुद्धा हार्मोनचीच, ताई. देवीसाठी बाईचं रक्त थांबवलेलं चालतं, बाईनं स्वतःसाठी थांबवलं की चालत नाही, हा कुठला न्याय? मी ती खाऊन काय करू? पाकीट डाळीच्या डब्यात सारलं आणि विसरले. महालक्ष्म्या जेवल्या, आणि दुसऱ्या दिवशी नेमका तोच डबा आत्याबाईंनी काढला.

पाकीट भरलेलं. त्यांच्या हिशेबानं माझी तारीख नेमकी जेवणाच्या दिवशी येत होती. म्हणाल्या, "गोळी खाल्ली न्हाईस, आन तसल्या हातानं पुरण केलंस?" महालक्ष्म्या अजून समोर उभ्या होत्या. तो आळ मला घेववेना. सांगून टाकलं की तांबी बसवलीय, ज्येष्ठापासून मला पाळीच येत नाही.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग हळूच म्हणाल्या, "मंग आखाडात आन श्रावणात भाईर बसलीस, ती कशाची?"

मी डाळीच्या डब्याचं झाकण लावत बसले. महालक्ष्म्या उठल्या तशा आत्याबाईही उठल्या. जाताना एवढंच बोलल्या, "गुडघे धरून भाकऱ्या थापल्या म्या. मला येडी केलीस."

यांना मी सांगितलं की कंबर दुखत होती, आरामासाठी बसले. तुम्हालाही तेच लिहिणार होते. पण आराम कसला डोंबलाचा! बाहेर बसलेली बाई स्वयंपाकघरात चालत नाही, खुरपायला बरोबर चालते.

खरं सांगते. चूल माझ्या हातात असली की आत्याबाई जेवतात आणि उठतात. मीठ कमी पडलं, एवढंच काय ते बोलणं. बाहेर बसले की मात्र गरम भाकरी लांबून ताटात टाकायच्या, वर लोण्याचा गोळा, आणि उंबऱ्याच्या आत बसून बोलत राहायच्या. तिशीतच त्यांची पिशवी काढली, विचारलं कुणी नाही, सही दिरानं केली, त्यांना शुद्धीवर आल्यावर कळलं. हे तुम्हाला माहीत होतं का, ताई? मला त्यांनी ओसरीत सांगितलं. म्हणून तर मी माझी काढू दिली नाही. तांबीनं रक्त थांबलं आणि हे बोलणंही थांबलं. ज्येष्ठात मी वाट बघितली. आषाढात आपणहून ओसरीत जाऊन बसले.

सोमवारी घट बसायचेत. त्या आल्याशिवाय मी घटाला हात लावणार नाही. तांबी मी काढणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. खोटंही परत बसणार नाही. गुडघे दुखत असतील तर भाकऱ्या मी थापते. त्यांनी फक्त वाढावं, आणि मी उंबऱ्याच्या आत, त्यांच्या शेजारी बसून खाईन. त्यांनी बोलावं.

हे सगळं पत्र त्यांना वाचून दाखवा. पिशवीचं तेवढं तुमच्या भावासमोर वाचू नका.

त्यांच्या पाया पडते म्हणून सांगा. आता मला कोणत्याही दिवशी पडता येतं.

तुमची,
रेणुका