भाऊजींच्या मातीखाऊ माशांबद्दल खुलासा

लाखनी,
ता. २४ मार्च १९८२

तीर्थस्वरूप परसरामभाऊजींच्या सेवेशी,

इश्वरचा आणि घरच्या सगळ्यांचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे (ठीक म्हणजे नेमके काय, ते पुढे येईलच). रुखमाताईच्या गुडघ्याला आता आराम असेल. नव्या जागेचा जिना तिने जपून चढावा, असे धुरपताने लिहायला सांगितले आहे.

तुमचे कार्ड पोचले. नागपूरला क्वार्टर मिळाले, फार आनंद झाला. चार एप्रिलच्या रविवारी मासे न्यायला येतो, चारही ठणठणीत आहेत ना, असे तुम्ही विचारले आहे. या 'चारही' शब्दापाशी मी दोन दिवस अडकलो होतो. हो लिहावे तर खोटे, नाही लिहावे तर तेही खोटे. म्हणून कार्डावर न भागवता हा लिफाफा.

भाऊजी, तुमच्या मनात राग येण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमसर रोडला गाडी किती थांबते, हे तुम्हा रेल्वेतल्या माणसाला मी काय सांगावे! बदलीवर नागपूरला जाताना, क्वार्टर मिळेपर्यंत सांभाळा म्हणून, तुम्ही खिडकीतून माशांचा डबा दिला, हमालाने काचेची पेटी उतरवली, ताईने लोणच्याची बरणी दिली, आणि माशांना कसे सांभाळायचे ते सांगायला तुम्ही तोंड उघडले तेव्हा गाडी हलली. मी डबा पोटाशी धरून फलाटावर पळालो. 'रेती' एवढे मला स्वच्छ ऐकू आले. पुढे तुम्ही 'खातात' म्हणालात की 'खात नाहीत' म्हणालात, ते इंजिनाच्या शिट्टीत गेले. त्यानंतर बोटे वर करून काहीतरी दाखवले. ती तीन बोटे होती. तीन वेळा, तीन दिवसांनी, की तीन इंच, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

पहिल्यांदा मी पेटीत बांधकामातली उरलेली गिट्टी टाकली. मासे दिवसभर तिच्याकडे बघत राहिले, पाहुण्याने ताटाकडे बघावे तसे. मग चुलबंद नदीतून पोतेभर रेती आणली आणि धुरपताच्या पिठाच्या चाळणीने चाळली (त्या दिवशीच्या पोळ्यांबद्दल इथे लिहीत नाही). रेती पडताच चौघेही तोंड खुपसून कामाला लागले. घास घ्यायचा, चावल्यासारखे करायचे, आणि कल्ल्यांतून, म्हणजे आपण कानामागून म्हणू तिथून, सगळी रेती बाहेर! मी घाबरलो. खाल्लेले कानामागून निघते, म्हणजे आत काहीतरी फुटलेले असणार. धुरपता म्हणाली, "उपाशी हायेत बिचारे. आपन काही देत नाही म्हनून रेती खाऊन राहिले." तिने भात टाकला, मुरमुरे टाकले, तांदळाचा कोंडा टाकला. पाण्याची पेज झाली, मासे दिसेनासे झाले, आणि दिसत नाहीत म्हणून ती आणखी टाकत राहिली. पाणी बदलायला मला हापशावर सोळा खेपा पडल्या.

शेजारचे भय्याजी गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत. त्यांनी काचेला नाक लावून पाहिले आणि निदान केले की जंत झाले. वासरू माती चाटते ते जंतामुळे, मग मासा का वेगळा? त्यांनी वासराच्या मात्रेवरून माशाची मात्रा काढायला घेतली. माझ्या पेन्शनच्या अर्जाची पाठ भरली (तो अर्ज पुन्हा लिहावा लागला), आणि उत्तर आले एका थेंबाच्या चाळिसाव्या भागाइतके. थेंबाच्या आत कसे शिरायचे, ते दोघांनाही कळेना. औषध राहिले.

सर्वांत मोठ्या माशाच्या कपाळावर लाल टेंगूळ आहे. भाऊजी, हे तुम्ही दिले तेव्हाच होते, की आमच्याकडे आल्यावर आले? कृपया आठवून कळवा. आम्ही आठ दिवस पेटीला उशा लावून ठेवल्या होत्या.

आता मुख्य गोष्ट लिहितो. फेब्रुवारीच्या अखेरीस बाबांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी महिनाभर शेतात-तलावात जायला बंदी केली, म्हणून मी त्यांना कोंढ्याहून इकडे आणले. तुम्ही जावई, तुमचे सासरे तुम्हाला माहीतच आहेत. ढिवराच्या घरात जन्मलेला माणूस, पन्नास वर्षे तलावात जाळे टाकलेले, त्याने एका डोळ्यावर पट्टी बांधून माझ्या खोलीत पाऊल टाकले आणि समोर टेबलावर जिवंत मासोळ्या! वाकून काचेत पाहिले. मग विचारले, "कवा रांधाच्या?"

मी सांगितले, रांधायच्या नाहीत. ते म्हणाले, मग विकाच्या? तेही नाही. मग पाळून राहिला कायले? ऑफिसात इतकी वर्षे पाटाच्या पाण्याचे खुलासे लिहितो, पण या एका खुलाशाला शब्द सापडला नाही. ते रोज सकाळी तेच विचारायचे आणि मी रोज ऑफिसला लवकर जायचो.

सहा मार्चला सकाळी पेटीत तीनच मासे होते. मी पेटीच्या मागे पाहिले, टेबलाखाली पाहिले, मांजराचे तोंड पाहिले. आणि मग, भाऊजी, मला लिहायला लाज वाटते, मी बाबांना विचारले की तुम्ही खाल्ला का. धुरपताने तोंडाला पदर लावला. मी आंघोळीला गेलो, परत आलो, तर बाबांची पिशवी खुंटीवर नव्हती.

तेवढ्यात धुरपताने हाका मारल्या. पेटीत मी एक फुटके मडके आडवे ठेवले होते (शोभेसाठी), त्याच्या आत चौथा मासा बसला होता. चौघांतली ती लहानी. गळा फुगलेला, तोंड घट्ट मिटलेले, समोर टाकलेले खात नव्हती. गालफुगी झाल्यासारखी दिसत होती. मी तसाच ओल्या डोक्याने बसस्टँडवर पळालो.

बाबा बाकावर भंडाऱ्याच्या गाडीची वाट बघत बसले होते, मांडीवर पिशवी. मी काय बोलावे ते ठरवूनच गेलो नव्हतो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघाले, मासा सापडला. ते रस्त्यावरच्या ट्रकांकडे बघत म्हणाले, "मी खाल्ली असती तं काटे टाटात ठेवले असते. चोरून मासोळी खाल्ली नाही मी कवा."

मी खाली मान घालून बसलो. गाडी आली. ते उठले. आणि माझ्या तोंडून आपोआपच निघाले की तिचा गळा सुजला आहे, ती काही खात नाही, परसरामभाऊजींना काय कळवू मला समजत नाही.

बाबा पायरीवर थांबले. "कोन्ती? टेंगळाची का लहानी?"

"लहानी."

"तोंड मिटूनच हाय?"

"हो."

"अन् मडक्यात जाऊन बसली?"

कंडक्टर ओरडत होता. बाबांनी त्याला हातानेच जा म्हटले.

घरी येऊन त्यांनी खुर्ची पेटीसमोर ओढली, उघडा डोळा काचेला लावला आणि धुरपताला म्हणाले, "सुनबाई, हिले काही देऊ नोको. तोंडात पोरं हायेत हिच्या." मी विचारले, पोटात म्हणायचे आहे ना? त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझी सगळी सर्व्हिस व्यर्थ वाटली. मरळ मासोळी पिल्लांभोवती पहारा देते, हे त्यांनी तलावात पाहिले होते. ही तोंडातच पहारा देत असेल, एवढाच त्यांचा हिशेब.

मी विश्वास ठेवला नाही. धुरपताने ठेवला आणि पेटीसमोर मोठ्याने बोलणे बंद केले. आठ दिवसांनी, रविवारी दुपारी, लहानीने तोंड उघडले आणि मोहरीएवढी पिल्ले बाहेर आली. आम्ही आनंदाने पुढे वाकलो, तशी ती सगळी परत तोंडात गेली. धुरपता किंचाळली की गिळली हिने लेकरं. बाबा हसायला लागले. भाऊजी, आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिले नव्हते, त्यामुळे मला आधी वाटले की ठसका लागला, आणि मी त्यांच्या पाठीत मारले.

तर आता आकडा. मी मोजली तेव्हा सत्तावीस होती, धुरपता चौतीस म्हणते. बाबा म्हणतात की पिल्ले मोजायची नसतात. शिवाय उरलेल्या दोघांपैकी एक कालपासून तोंड मिटून बसली आहे. तीही तशीच आहे की नुसती रुसली आहे, सांगता येत नाही. तेव्हा 'चारही' याचे उत्तर तुम्हीच ठरवावे.

ताईला नमस्कार. पत्राचे उत्तर ताबडतोब द्यावे.

आपला आज्ञाधारक,
इश्वर

ता. क. परवा बाबांच्या डोळ्याची पट्टी निघाली. डॉक्टरांनी गावी जायला मोकळीक दिली. आई गेल्यापासून तीन वर्षांत ते माझ्याकडे दोन रात्रींच्या वर कधी राहिले नाहीत, आणि कोंढ्याच्या घरी एकटेच भाकर भाजून खातात. मी पिशवी भरायला घेतली, तर म्हणाले, पिल्लं मोठी होत वरी थांबतो. तेव्हा भाऊजी, तुम्ही रविवारी अवश्य यावे, जेवायला यावे, पण मासे न्यायला येऊ नये. बाबांसमोर म्हणावे की नव्या क्वार्टरात पेटी ठेवायला जागा नाही. तुम्ही खोटे बोलत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे वाक्य ताईला बोलायला द्यावे.

ता. क. दुसरे. हे पत्र मी बाबांना वाचून दाखवले, वरचा ता. क. सोडून. ते म्हणाले, त्याले लिही, येताना आनखी एक काचेची पेटी घेऊन ये, हे लहान पडून राहिली.