बावीस नळ्यांचा खुलासा

तीर्थस्वरूप आत्या यांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा तो कागदावरच स्वीकारावा.) आपला रक्तदाब, मोतीबिंदू काढलेला डोळा आणि स्वभाव हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. घरी मी तुम्हाला ‘तू’ म्हणतो. परंतु शाळेत तुम्ही मला रसायनशास्त्र शिकवलेत आणि हे पत्र त्याच विषयाचे आहे, म्हणून वर्गातलेच संबोधन ठेवतो. शिवाय बातमी चांगली नाही, आणि तशी बातमी ‘तुम्ही’ म्हणून सांगणे जरा सोपे जाते.

आधी विषय समजावून देतो. आमच्याकडे आरएनएचे वजन केले जाते. आरएनए म्हणजे पेशीतली चार अक्षरांची लांब साखळी. काही आजारांत तिच्या एखाद्या अक्षरावर अणूंचा एक लहानसा गट जास्तीचा येऊन बसतो, आणि तो बसला आहे की नाही हे केवळ वजनावरून ओळखायचे. त्यासाठी साखळीचे तुकडे करून ते रेणूंचे वजन करणाऱ्या यंत्रात उडवतात. (हे किती सुंदर आहे ते मी सांगू लागलो की यंत्रावरचे काका चहाला जातात.) अडचण सोडियमची आहे. साखळीच्या प्रत्येक दुव्यावर ऋण भार असल्याने वाटेत भेटेल तो सोडियम ती कवटाळून बसते. एखादा तुकडा एक सोडियम धरतो, एखादा चार. मग एकाच तुकड्याची अनेक वजने येतात, जणू एकाच माणसाला दहादा काट्यावर उभे करावे आणि दर वेळी त्याच्या खिशात निराळे दगड निघावेत. पडद्यावर सुळका दिसायचा तिथे ढिगारा दिसतो. म्हणून नमुना आधी धुवायचा असतो. आरएनए बारीक चुंबकी मण्यांना चिकटवायचे आणि अमोनियमच्या द्रावणाने खळबळायचे. सोडियमची जागा अमोनियम घेतो आणि यंत्रात शिरताच सज्जनपणे उडून जातो. हे धुणे सुधारण्याचे काम माझ्याकडे आहे. मदतीला तुमची कन्या, आपली बारकी. ती माझ्या शिफारशीने लागली, हे मी तिला दिवसातून एकदा सांगत असे.

रुग्णालयातून चोवीस नळ्या आल्या; पुन्हा मिळणार नाहीत असे बजावूनच दिल्या होत्या. पहिल्या तिन्हींत ढिगारा निघाला. मी तीन धुण्यांची सहा केली, ढिगारा वाढला. सहाची नऊ केली, तो आणखी वाढला. (माझ्याहून कमी शिकलेला माणूस इथे थांबून विचार करू लागला असता.) मी मात्र हातमोज्यांच्या दोन जोड्या चढवल्या, श्वास रोखून झाकणे उघडली, आणि एवढे करूनही सोडियम येतोच म्हटल्यावर तो कुणीतरी आणते आहे असा निष्कर्ष काढला. बारकी दुपारी खारे दाणे खाते. मी तिला आधी जिन्याखाली बसून खायला लावले, मग सहादा हात धुवायला लावले, मग टेबलच सोडायला लावले. ती म्हणाली, “दादा, मी दाणे खाते, तुझा नमुना नाही खात.” हे वाक्य मी उद्धटपणाचे उदाहरण म्हणून तक्रारीत घातले. होय, लेखी तक्रार, थेट प्रमुखांकडे. तेव्हापासून ती तळघरात नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसते, आणि तिला कामावर ठेवायचे की नाही हे येत्या सोमवारच्या बैठकीत ठरणार आहे.

परवा माझे अमोनियमचे द्रावण संपले. काकांकडे प्लास्टिकच्या डब्यात थोडे होते, ते घेऊन तेविसावी नळी धुतली. पडद्यावर एकच सुळका आला, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखा.

“आज काय वेगळं केलंत?” काकांनी विचारले.

“काहीच नाही,” मी म्हणालो.

“मग रोज काहीच करत जाऊ नका.”

आत्या, माझे द्रावण दोन वर्षे एका काचेच्या बाटलीत राहत होते. ती बाटली तुम्हाला शाळेने निरोपाला दिली होती आणि तुम्ही मला नोकरी लागली तेव्हा दिलीत, “यात सगळ्यात शुद्ध असेल तेच ठेव,” असे सांगून. काचेत सोडा असतो आणि तिच्यातला सोडियम थेंबाथेंबाने पाण्यात उतरत राहतो, हेही तुम्हीच नववीत शिकवले होते. त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. म्हणजे मीठ काढण्यासाठी मी नऊ नऊ वेळा मीठच घालत होतो. बावीस नळ्या अशा गेल्या. एक उरली आहे.

बाकी इकडे सर्व असेच आहे. घरातल्यांस यथायोग्य सांगावे.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. एक लहानशी विनंती राहिली. प्रमुखांना दोन ओळी लिहाव्यात, की बाटली तुमची, सूचना तुमची, आणि भाच्याने केवळ मोठ्यांचा शब्द मोडला नाही. सूर वडीलधारा असावा. पत्र सोमवारपूर्वी पोचले तर बारकीचीही बाजू सावरेल, माझीही. तिला मी स्वतःच सांगितले असते, पण ती माझा फोन उचलत नाही.

ता. क. २. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवण्याआधी, सोमवारी बैठकीत मागतील म्हणून, बारकीची कामाची वही चाळली. दोन महिन्यांपूर्वीच्या पानावर तिने लिहिले आहे, “बाटली काचेची आहे. एकदा प्लास्टिकची वापरून पाहू या का?” खाली माझ्या अक्षरात, लाल शाईने, शेरा आहे, “अनावश्यक शंका. कामात लक्ष द्यावे.” तेव्हा दोनच नळ्या वापरून झाल्या होत्या. सोमवारी ही वही आहे तशी प्रमुखांपुढे ठेवतो. चोविसावी नळी बारकीच्या नावाने शीतपेटीत ठेवली आहे; ती तुझा फोन उचलते, तेवढे तिला सांग. आणि तू मनाला लावून घेऊ नकोस. बाटली तुझी होती, पण लाल पेन माझे.