बहीण असल्याचा कागद

रविवार, संध्याकाळ

अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून मागच्या महिन्यात रेखाला आमच्या बालगृहातून जावं लागलं. आज ती धाकट्या बहिणीला, सुमनला भेटायला पाथर्डीहून आली, तर अधीक्षकबाईंनी दारातच बहीण असल्याचा कागद मागितला. कागद! सहा वर्षं दोघी इथं एकाच खोलीत वाढल्या, हे बाईंना ठाऊक नाही?

रेखा माझ्याकडे वळली. "ताई, तुमीच आमच्या दोघींच्या येन्या घालत हुता. सांगा की."

मी मान खाली घातली, आणि रेखा दारातूनच परत गेली. नोकरीची भीती, दुसरं काय? तो कागद आता ती पोर कुठून आणणार?

जेवताना सुमननं विचारलं, "आक्का का न्हाई आली?"

"बस चुकली असेल," मी म्हणाले.

तिला ते लगेच पटलं. माझ्यावर विश्वास आहे तिचा.